आधी वरचा प्लग

काल तिन्हीसांजेला धर्मापुरी फाट्यावर गाडी उभी करून तू मला हाक मारलीस. "सर, जरा बघता का? कव्हर डिफेक्टिव निघालंय." मी वाकून बघितलं. पिकअपच्या मागच्या डिफ्रन्शियलच्या हाउसिंगला नवंकोरं काळं ॲल्युमिनियमचं कव्हर. त्यावर लाल अक्षरं, उभ्या फिन. खालच्या काठाला तेलाचा थेंब लोंबतोय आणि धुळीत बशीएवढा डाग पडलाय. मी काही बोललो नाही. टपरीवर चार माणसं चहा पीत होती आणि तू माझा विद्यार्थी आहेस. चारचौघांत तुझी लाज राखली. आता चारचौघं नाहीत. आता ऐक.

कव्हरला काही झालेलं नाही. डिफेक्टिव तू आहेस.

तोंड वाकडं करू नकोस. नाचता येईना त्याला अंगण वाकडं दिसतं, हे मी समजू शकतो. पण तुला नाचता येतं की! दुखणं तिथंच आहे. दुसरा कोणी असता तर 'शिकेल हळूहळू' म्हणून मी घरी गेलो असतो, भाकरी खाऊन झोपलो असतो. तू दोन वर्षं मोटार मेकॅनिक ट्रेडला माझ्यासमोर उभा होतास. क्राउन आणि पिनियनमधला बॅकलॅश डायल गेज लावून पहिल्या फटक्यात बरोबर सांगणारा त्या बॅचमधला तू एकटा. दातांवर निळा रंग लावून ठसा कुठं उमटतो ते बघायचं आणि मग शिम वाढवायची की काढायची, हे बाकीच्या पोरांना तू समजावून सांगायचास. मी मागं उभा राहून ऐकायचो. आणि आज दहा बोल्टांचं एक झाकण तुला धड बसवता येत नाही? येत नाही असं म्हणू नकोस. तुला ते करायचं नव्हतं.

आज सकाळी सहाला, तू घोरत होतास तेव्हा, मी तुझ्या दारात आलो. तुझ्या आईनं चहा दिला. मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली आडवा झालो. या वयात. जे दिसलं ते सांगतो, एकेक करून. खोटं असेल तिथं मला अडव.

पहिला हात वरच्या प्लगला लावला. हाउसिंगमध्ये तेल भरायचा असतो तो. त्याचे चारी कोपरे गोल झालेत. म्हणजे तू पाना लावलास, तो घसरला. परत लावलास, परत घसरला. मग छिन्नी-हातोडी. छिन्नीच्या खुणा तीन आहेत, मोजल्या मी. आणि ही झटापट कधी? जुनं कव्हर उघडून सगळं तेल घमेल्यात सोडल्यावर! पहिल्या आठवड्यात फळ्यावर काय लिहायचो मी? आधी वरचा प्लग. भरायचं भोक उघडतंय याची खात्री झाल्याशिवाय खालचं तेल सोडायचं नाही. कारण तेल गेलं आणि वरचा प्लग सुटलाच नाही, तर गाडी जागच्या जागी बसली. हे तू परीक्षेत लिहिलंस. पाचपैकी पाच घेतलेस. ते पाच मार्क मला परत कर.

बरं, अडकलास. अडकतो माणूस. पुढं काय करायचं होतं? गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबायचं होतं. तेवढ्यानं नाही भागलं, तर त्या प्लगच्या डोक्यावर एक नट वेल्ड करून फिरवायचा होता. वेल्डरचं दुकान तुझ्या शेडपासून शंभर पावलांवर आहे. शंभर पावलं! पण नाही. तुझ्या सुपीक डोक्यातून निघालं काय, तर वरचा ब्रीदर काढायचा आणि त्या भोकातून सलाईनच्या नळीनं तेल सोडायचं. किती सोडलंस? "दोन लिटर असंल सर, बाटली बघून." असेल? डिफ्रन्शियलची पातळी बाटली ठरवत नाही, भोक ठरवतं. गाडी सपाट जागेवर उभी करायची, तेल भरायचं, भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला लागून बाहेर यायला लागलं की थांबायचं. करंगळी वाकवून आत घातली की कळतं. पण तू ते भोकच बंद ठेवलंस. तुझ्या हाउसिंगमध्ये आज तेल कमी आहे की जास्त, हे तुला माहीत नाही, मला नाही, आणि परळीच्या वैजनाथालाही माहीत असेल असं मला वाटत नाही.

इथपर्यंत मी शांत होतो. मग तो ब्रीदर बघितला.

ब्रीदर म्हणजे काय ते तुला सांगायची माझ्यावर वेळ यावी? एक्सलच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी ती टोपी. डिफ्रन्शियल चालून तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. थंड झालं की हवा आक्रसते, तिला आत यायला वाट लागते. हाउसिंगचं नाक आहे ते. आणि तू काय केलंस? आट्यांना सिलिकॉन फासून टोपी परत आवळलीस. ते सिलिकॉन आत दाबलं गेलं आणि भोक बुजलं. मी पान्यानं टोपी अर्धा आटा सैल केली तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. रात्रभर उभ्या गाडीत! टोपी उलटी केली तर भोकात वाळलेल्या सिलिकॉनचा लाल गोळा, ज्वारीच्या दाण्याएवढा. "पाणी जाऊ नये म्हणून लावलं सर" हेच म्हणणार ना? तुझं नाक दाबून धरतो आणि पळायला सांगतो. बघू किती पळतोस.

आता कळलं तेल कुठून आणि का आलं? आतल्या हवेला वरून वाट नाही, ती तेलाला ढकलते. तेल कमकुवत जागा शोधतं. तुझ्या कव्हरची बसक कमकुवत होती, तिथून आलं. नशीब समज. तिथून आलं नसतं तर एक्सलच्या टोकाच्या ऑइल सीलमधून आलं असतं, आणि त्या सीलच्या पलीकडं काय असतं? ब्रेकचा ड्रम. तेलानं भिजलेले लायनर काय धरतात ते तुला माहीत आहे. काही नाही धरत. मग अंबाजोगाईच्या घाटात उतारावर एक चाक धरतं, एक धरत नाही, आणि गाडी आडवी होते.

आणि पाणी? ज्याच्या भीतीनं तू नाक बुजवलंस ते पाणी? ते आत गेलंय. मागच्या सोमवारी पाऊस झाला, ओढा भरून वाहत होता, तू परळीहून तापलेली गाडी घेऊन तशीच त्यातून काढलीस. टपरीवर स्वतःच्या तोंडानं मिरवत होतास. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडलं. आतली हवा एकदम आक्रसली. ब्रीदर बंद, म्हणून तिनं बसकेतून, सीलमधून, मिळेल तिथून पाणी ओढलं. खाली लोंबणारा थेंब मी बोटावर घेतला. गिअर ऑइल मधासारखं असतं, जुनं झालं की काळं पडतं. तुझं चहाच्या रंगाचं आहे, दूध जास्त झालेल्या. तेलात पाणी घुसळलं की तसं होतं. असल्या तेलात बेअरिंग किती दिवस काढतील?

आता कव्हरकडं येऊ. मला एवढंच सांग, ते घेतलंस कशाला?

"डिफ्रन्शन गरम व्हायचं सर." कशावरून? मोजलंस? हात लावून बघितलं, हो ना? लांब पल्ल्यावर चाललेलं डिफ्रन्शियल हाताला चटका देणारच. त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते दीड टनाच्या गाडीत अडीच टन सोयाबीन घालून लातूरच्या मोंढ्यात जाणं. गरम व्हायचं कारण ते. पावती फाडली गेली तर जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, 2019 पासून कायद्यातच आहे. पण पावतीचं सोड, ते तू 'मॅनेज' करतोस असं म्हणतोस. मॅनेज पिनियनला करता येत नाही. आणि गरम होण्याचं दुसरं कारण विचारतो: या हाउसिंगमधलं तेल शेवटचं कधी बदललंस?

गप्प का?

तीन पावसाळे. इंजिनचं ऑइल वेळेवर बदलतोस, कारण डिपस्टिक समोर असते, लाल दिवा लागतो. डिफ्रन्शियल गाडीच्या पोटाखाली. दिसत नाही, बोंबलत नाही. म्हणून तिकडं फिरकला नाहीस. तीन वर्षं तेल बदललं नाहीस आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून साडेआठ हजारांचं कव्हर आणलंस! तेलाला किती लागले असते? नाही, तू सांग, तुला पाठ आहे. पण तेल बदलल्याचा फोटो काढता येत नाही. लाल अक्षरांचा काढता येतो. स्टेटस ठेवलं होतंस ना?

त्या कव्हरला फिन आहेत. ॲल्युमिनियम बिडापेक्षा उष्णता पटकन सोडतं, फिनमुळं हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो, हे सगळं बरोबर. पुस्तकात तसंच आहे. पण तू कुठं राहतोस? परळीच्या थर्मलची राख रस्त्यावर उडते, पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून वर फेकली जाते. आज सकाळी त्या फिनमध्ये मातीचा बोटभर थर होता, वरून राखेचं लिंपण. चुलीला लिंपतात तसं. हवा जाणार कुठून? फिन काम करतात त्या धुतल्यावर. तू गाडीची काच धुतोस, 'आई तुझा आशीर्वाद' धुतोस. खाली कधी पाइप मारलास?

आणि एक गोष्ट, जी तुला माहीत असायला हवी होती. कव्हर म्हणजे नुसतं झाकण नसतं. क्राउन व्हील तेलात बुडून फिरतं, तेल वर फेकतं, ते तेल कव्हरच्या आतल्या गोलाईवरून वळून पुढं पिनियनच्या बेअरिंगकडं जातं. कंपनीचं पत्र्याचं वाटीसारखं कव्हर गोल असतं ते शोभेसाठी नाही. बाजारातली पुष्कळ कव्हरं मागून सपाट असतात, कारण सपाट पाठीवर नाव मोठं छापता येतं. अमेरिकेत पिकअपचं वेड आपल्यापेक्षा दांडगं. तिथं गेल बँक्स म्हणून एक नावाजलेले इंजिनवाले आहेत. त्यांनी असली कव्हरं लावून, आतलं तेल दिसेल अशी सोय करून, ते कसं वाहतं हे चित्रफितींतून दाखवलं. सपाट पाठीच्या कव्हरात तेलाची वाट मोडते, ते घुसळतं, त्यात हवा मिसळते. फेस झालेलं तेल ना नीट वंगण देतं, ना उष्णता वाहून नेतं. हे खरं, की बँक्स स्वतःही कव्हरं विकतात, तेव्हा त्यांचंही जरा पारखूनच ऐक. पण सहा इंचांच्या मोबाइलवर दिवसाला तीन तास रील बघणाऱ्याला हे शोधायला किती वेळ लागला असता? तू काय बघितलंस? रंग.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जाड कव्हर लावतात त्याला कारण असतं. दगडांतून गाडी घालतात, पत्र्याचं कव्हर दगडावर आपटून आत वाकतं, क्राउनला घासतं. तुझा सगळ्यात मोठा दगड कोणता? ग्रामपंचायतीसमोरचा स्पीडब्रेकर.

लावायचंच होतं ना? लाव की. माझं वैर ॲल्युमिनियमशी नाही. तुझ्या गाडीचं हाउसिंग मागून उघडणारं आहे, म्हणून लावता तरी आलं. बऱ्याच गाड्यांना मागचा फुगा वेल्ड केलेलाच असतो. त्यांचा अख्खा गोळा पुढून काढावा लागतो, आधी दोन्ही एक्सल ओढून. तुझं काम त्याच्या पाव पट होतं. तेही नीट केलं नाहीस.

एक बोल्ट मी पान्याशिवाय, बोटानं फिरवला. फिरला. काढला. शेवटचे तीनच आटे चकचकीत, बाकी सगळे मळलेले. म्हणजे आत तीनच आटे धरून होते. जुनं कव्हर पत्र्याचं, पातळ. त्याला आखूड बोल्ट पुरायचे. हे नवं बोटभर जाड, त्याला लांब बोल्ट लागतात. बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढा तरी तो आत गेला पाहिजे, हा नियम तुला मी नाही शिकवला का? आठ एमएमचा बोल्ट आठ एमएम आत. तू जुनेच वापरलेस. कव्हरसोबत पुडीत लांब बोल्ट आले होते. ती पुडी तुझ्या डॅशबोर्डवर आहे. फोडलेली नाही. मग ते तीन आट्यांवरचे बोल्ट गळायला लागले म्हणून तू पान्याला पाइप लावून आवळलेस. आठ एमएमच्या बोल्टाला साधारण पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर तोच खरा. मनगटाचं काम आहे ते. तिथं पाइप? दोन भोकांचे आटे गेले आहेत. आता त्यांत हेलिकॉइल घालावे लागतील, आणि त्याचे पैसे तुझ्या खिशातून जाणार.

कव्हरच्या कडेनं बसकेवर नजर टाकली. बॅटरी लावून. जुन्या कागदी गॅस्केटचे तुकडे तसेच चिकटलेले, त्यावर सिलिकॉन. रंग उडालेल्या भिंतीवर नवा डिस्टेंपर मारावा तसं. अरे, ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे दर फेरीला ती दोन तोंडं एकमेकांवर सरकतात, मागं येतात. तिथं बसक स्वच्छ हवी, कोरडी हवी, बोट फिरवलं तर पुसलेल्या काचेसारखी लागली पाहिजे. तुझ्या घरापासून केदारेश्वराचं देऊळ किती लांब आहे? लहानपणी तिथं लपाछपी खेळलास. चालुक्यांच्या काळातलं काम. दगडावर दगड घासून बसवलाय, मध्ये चुना नाही. नखाला फट सापडत नाही. त्या माणसांकडं ना सिलिकॉन होतं, ना ग्राइंडर. आणि तुला दहा बोल्टांच्या आतली एक वीतभर कड खरवडायला कंटाळा आला. पितळी पट्टीनं वीस मिनिटांचं काम. वीस!

सिलिकॉन मात्र भरपूर लावलंस. गरज नव्हती तिथं दिलदार. हेही सांगून ठेवतो: बाहेर जेवढं फुगून आलंय ना, तेवढंच आतही फुगलं असणार. ते वाळून गांडुळासारखं लोंबतं, मग तुटतं, मग तेलाबरोबर फिरतं आणि पिनियनकडं जाणारी वाट बुजवतं. सिलिकॉनचा बारीक एकसंध धागा काढायचा, प्रत्येक बोल्टाच्या आतल्या बाजूनं वळसा घालून. कव्हर हातानं टेकवायचं, बोल्ट बोटानं घालायचे, थोडं थांबायचं, मग समोरासमोरचे आडवेतिडवे आवळायचे. आणि तेल लगेच भरायचं नाही. ट्यूबवर लिहिलेलं असतं किती वेळ थांबायचं. तू किती थांबलास? चहा होईपर्यंत?

तेल कोणतं घातलंस तेही विचारून घेतलं मी, तुझ्या शेजारच्या पोराकडून. "गिअरबॉक्सचं उरलं होतं, तेच घातलं दादानं." शाबास. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, म्हणून दात नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. त्या घासण्याला जीएल-5 लागतं, त्यात गंधक-फॉस्फरसची दवा जास्त असते, म्हणूनच त्याचा तो कुजकट वास येतो. गिअरबॉक्सच्या जीएल-4 मध्ये ती साधारण निम्मी. "ऑइल ते ऑइल सर, काय फरक पडतो?" असं गावातला कोणीही म्हणेल. तू म्हणायचं नाही. तुझ्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे. मग उतरव ते, आणि तिथं त्या कव्हरचा फोटो लाव.

आता शेवटचं, आणि हे बोलताना माझा आवाज चढेल, चढू दे.

मी चहा पीत होतो तेव्हा तुझी आई म्हणाली, "दोन तास खालीच होता सर, जॅकवर गाडी चढवून. जेवायलासुद्धा बाहेर आला नाही." मी विचारलं, गाडी पेलायला घोड्या लावल्या होत्या का? तिला घोड्या म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शेडमध्ये बघितलं. दोन्ही घोड्या कोपऱ्यात, त्यांवर कोळ्याची जाळी. चाकाला दगड तरी लावला होतास का? नाही. बाटली जॅकवर, मातीच्या जमिनीवर, पाइप लावून बोल्ट आवळत होतास, गाडी हलवत होतास, डोकं हाउसिंगखाली. जॅक उचलायला असतो, पेलायला नाही, हे वाक्य मी तीस वर्षं दर बॅचला म्हटलंय. का म्हटलंय ते तुम्हा पोरांना मी कधी सांगितलं नाही. माझ्या सोबत शिकायला होता तो एक. त्याचं नाव घेत नाही. तोही बॅचमध्ये पहिला होता.

तिच्यासमोर मी काही बोललो नाही. मी नुसता चहा संपवला.

अजून कारणं आहेत का? काढ बाहेर, एकदाच होऊन जाऊ दे. वेळ नव्हता? नवं कव्हर सोडवायला, त्याचं बॉक्स उघडतानाचं शूटिंग करायला वेळ होता. पैसे नव्हते? साडेआठ हजार आले कुठून? हप्ते आहेत, भाडं चुकतं, मान्य. मग भाडं चुकू नये म्हणून तर ही गाडी धड ठेवायची ना? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. तू त्यांची बिऱ्हाडं घेऊन खाली सांगली-कोल्हापूरकडं जाणार. भांडी, पत्रे, शेरडं, आणि वर बाया-लेकरं. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, त्यावर तुला वेगळा झोडपीन, आज नाही. पण ती लेकरं तुझ्या मागच्या एक्सलवर बसलेली असतात, एवढं तरी डोक्यात ठेव. त्यांच्या आईबापांना ब्रीदर कशाशी खातात ते माहीत नाही. तुला माहीत आहे. म्हणून तर तुला बोलतोय. त्या टपरीवरच्या चौघांना का नाही बोललो?

उठताना अजून एक गोष्ट दिसली. तुझं जुनं कव्हर. अंगणात पालथं नव्हतं पडलेलं, उताणं होतं, आणि त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. मी कोंबड्या हुसकल्या, पाणी ओतून दिलं. आत तळाला मॅग्नेट तसाच. त्यावरचा गाळ तू पुसलाही नव्हतास. पुसला नाहीस ते बरं झालं. चिमटीत घेऊन चोळला. राखेसारखा मऊ गाळ असतोच, तो झिजेचा असतो, त्याचं काही नाही. पण त्यात एक कण टोचला. दुसरा टोचला. उजेडात धरला तर एका बाजूनं चकचकीत, एका बाजूनं दाणेदार. तो लोखंडाचा तुकडा कुठून तरी तुटलेला आहे. दाताचा की बेअरिंगचा, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. तुझ्या डिफ्रन्शियलनं तुला निरोप पाठवला होता. तू त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलंस.

तो तुकडा मी कागदात बांधून खिशात घेतलाय.

रविवारी सकाळी सातला गाडी शेडमध्ये हवी. रिकामी. सपाट जागेवर. शनिवारी संध्याकाळी त्या प्लगवर नट वेल्ड करून घे, स्प्रे मारून ठेव. तेल जीएल-5, तुझ्या गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. पुस्तक नसेल तर माझ्याकडं जुनं आहे. पितळी पट्टी आण, नवं गॅस्केट आण, डायल गेज मी आणतो. घोड्यांवरची जाळी आजच झाड. काढलेलं तेल ओढ्यात ओतलंस तर तिथून थेट घरी जाईन, कॅनमध्ये भर. लाल अक्षरांचं कव्हर उघडून बाजूला ठेवायचं, विकायचं की परत लावायचं ते क्राउनचे दात बघितल्यावर मी सांगेन. वरचा प्लग मी आल्यावर, माझ्यासमोर काढायचा. तो निघाला तरच पुढचं.

आणि ते जुनं कव्हर घासून, रॉकेलनं धुऊन ठेव. कोंबड्यांना दुसरं भांडं दे.